नवे म्हणून जुनेच होज पाइप पुसून दिले: ४९,८०० गेले, वर टर्बोही गेला

चार महिन्यांपूर्वी मी एका गॅरेजला ४९,८०० मोजले. गाडीचे कूलिंगचे सगळे होज पाइप नवे आणि हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी) नवं, असं ठरलं होतं. त्यातला एकही पाइप बदललेला नव्हता आणि हेड उघडलंसुद्धा नव्हतं. हे उघड झालं ते घाटात बॉनेटमधून वाफेचा लोट आल्यानंतर.

गाडी १४ वर्षांची, टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), १,१८,००० किलोमीटर झालेली. मी गाड्यांतला अडाणी नाही, हे आधीच सांगतो. ऑइल, फिल्टर, ब्रेकपॅड मी स्वतः बदलतो. म्हणूनच हे लिहिताना जास्त लाज वाटते आहे. घरच्यांना खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

सुरुवात साधी होती. आठवड्याला बोटभर कूलंट (इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी) कमी व्हायचं. गाडी बंद केली की पाच-दहा मिनिटांनी गोडसर वास यायचा. टर्बोच्या खाली एका जोडावर गुलाबी खपली धरली होती. गळती कुठे आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. टर्बोच्या बेअरिंगभोवती पाणी फिरवणारे दोन छोटे पाइप असतात, एक जाणारा आणि एक परतीचा. पेट्रोल गाडीत टर्बोत शिरणारा धूर जोर लावल्यावर ९०० अंशांच्या घरात जातो. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, आणि ती सगळी धग बेअरिंगच्या घरात मुरते. तेव्हा गरम पाणी आपोआप वर सरकतं, त्याच्या जागी गार पाणी येतं, आणि टर्बो वाचतो. म्हणून जुन्या टर्बो गाडीत सर्वांत आधी कडक होऊन तडकतात ते हेच दोन पाइप. रेडिएटरचे मोठे पाइप डोळ्यांना दिसतात. हे दोन दिसत नाहीत, हीटशील्डच्या (धग अडवणाऱ्या पत्र्याच्या) मागे हात घालावा लागतो. जे दिसत नाही तिथेच फसवतात, हे लक्षात ठेवा.

मी गॅरेजमध्ये सांगितलं, परतीचा पाइप गळतोय, पण गाडीचं वय बघता सगळेच बदलू. मालकाने दोन पाइप दाबून पाहिले, एक्सपान्शन टाकीचं (कूलंटच्या टाकीचं) झाकण काढून गाडी चालू केली आणि मला बुडबुडे दाखवले. "हेड गॅस्केट उडालंय साहेब." पुढचा खेळ तुम्हाला माहीत आहे, घाबरवून काम वाढवायचं. मलाही माहीत होता. मी म्हणालो, गॅस्केट उडाल्याची लक्षणं कुठे आहेत? ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. तो म्हणाला, "सुरुवात आहे. घाटात बसलात तर हेड वाकेल, मग लाखाच्या खाली येत नाही."

पाणी कमी असलेल्या सिस्टीममध्ये हवा अडकलेली असते, आणि ती बुडबुड्यांतूनच बाहेर येते. खात्री करायची तर निळ्या द्रवाची चाचणी असते. टाकीच्या तोंडावर त्या द्रवाची नळी धरायची, सिलिंडरमधला वायू पाण्यात मिसळत असेल तर निळा रंग पिवळा होतो. दहा मिनिटांचं काम. कोणी तुम्हाला बुडबुडे दाखवून हेड गॅस्केट सांगितलं तर ही चाचणी समोर करायला लावा, नाही म्हणाला तर चावी घेऊन निघा. मी निघालो नाही. पुढच्या आठवड्यात वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, रोज ने-आण होती, आणि रस्त्यात गाडी बंद पडेल या भीतीने मी हो म्हणालो. २०,००० तिथेच पाठवले, मालकाच्या स्वतःच्या खात्यावर. गॅरेजच्या नावाचं खातं "बंद आहे" म्हणाला. हेही मी ऐकून घेतलं.

पाच दिवसांनी गाडी मिळाली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: होज किट १४,८००, हेड गॅस्केट आणि फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) २२,५००, कूलंट ६ लिटर ३,०००, मजुरी ९,५००. पार्ट नंबर एकाही ओळीत नाही. 'होज किट' या दोन शब्दांत किती पाइप, कोणते, कोणत्या बनावटीचे, काहीच नाही. पाइपांचा हिशेब नगावर मागा. वरचा, खालचा, हीटरचे दोन, बायपास, टाकीचे, टर्बोचे दोन, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि वेगळा नंबर. माझ्या गाडीत असे ९ आहेत, हे मला आता पाठ झालंय.

आता ती संध्याकाळ. बॉनेट उघडं होतं, सगळे पाइप काळेभोर चकचकीत. मी रेडिएटरच्या वरच्या पाइपावर बोट फिरवलं. बोट काळं झालं. बुळबुळीत काळं, आणि त्याला टायर पॉलिशचा वास. नवा पाइप बोट काळं करत नाही. नव्या रबराला कोरडा उग्र वास असतो आणि अंगावर छापलेला पार्ट नंबर ठळक दिसतो. माझ्या पाइपावर नंबर होता तो अर्धा झिजलेला. आणि स्प्रिंगची क्लिप अगदी जुन्याच खाचेत बसलेली, क्लिपच्या कडेला वर्षानुवर्षांची धूळ जशीच्या तशी. हे सगळं मी पाहिलं. बोट रुमालाला पुसलं. मालक बाजूला उभा राहून बोलत होता, "एकदम शोरूम कंडिशन करून दिली साहेब," आणि माझ्या तोंडून "बरं झालं" एवढंच निघालं.

का बोललो नाही? हा प्रश्न मी चार महिने दररोज स्वतःला विचारतोय. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, घरून दोन फोन येऊन गेले होते, आजूबाजूला त्याची चार पोरं उभी होती. शिवाय २०,००० आधीच गेले होते. माणूस अशा वेळी समोरचं खरं असावं अशी इच्छा धरतो. मी जुने पाइप मागितले, एवढं तरी केलं. त्याने पोतं उघडून दाखवलं, वरवर तडकलेले पाइप होते. त्यातला एकही माझ्या गाडीचा नव्हता. माझ्या गाडीचा खालचा पाइप दुहेरी वळणाचा आहे, पोत्यातला सरळ होता. तेही दिसलं. तरी उरलेले २९,८०० पाठवले.

काम चालू असताना जुना पाइप गाडीवर असतानाच त्याच्यावर पेंटच्या पेनाने खूण करा, फोटो काढा, आणि तोच खुणेचा पाइप परत घ्या. मला हे कोणी सांगितलं असतं तर मी १,१०,१४० ला बुडालो नसतो.

हो, आकडा वाढला. साधारण ५,२०० किलोमीटर झाल्यावर गाडी थंड असताना निळसर धूर यायला लागला आणि टर्बोची शिट्टी मोठी झाली. मी आणखी एक-दोन आठवडे काढले, हीही माझी चूक. मग घाटात वरचा पाइप क्लिपच्या जवळ फाटला. आधी तापमानाचा काटा वर गेला, आणि अर्ध्या मिनिटात खाली आला. मला हायसं वाटलं! सेन्सर पाण्याऐवजी मोकळ्या वाफेत राहिला की काटा खोटं बोलतो, हे मला माहीत असून त्या क्षणी आठवलं नाही. हीटरमधून गार हवा यायला लागली तेव्हा कळलं की पाणी गेलं. गाडी लगेच बंद केली म्हणून हेड वाचलं. टोइंगचे ३,५०० दिले.

दुसऱ्या गॅरेजचा मेकॅनिक वयस्कर माणूस. त्याने मला हात धरून एकेक गोष्ट दाखवली. व्हॉल्व्ह कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) गॅस्केट प्लॅस्टिकसारखं कडक, कारखान्यात बसवलेलं. टायमिंग कव्हरच्या बोल्टांवरच्या रंगाच्या खुणा अखंड. म्हणजे हेडपर्यंत कोणी गेलंच नव्हतं. वरचा पाइप कापून आतून दाखवला: क्लिपजवळ लांबीच्या दिशेने बारीक चिरा. रबर बाहेरून धडधाकट दिसतं आणि आतून तडकतं, कूलंट आणि धातू यांच्यामधल्या विद्युत-रासायनिक क्रियेमुळे. म्हणून पाइप मधोमध दाबून काही कळत नाही. इंजिन गार असताना दोन्ही टोकांना, क्लिपपासून दोन बोटांवर, चिमटीत दाबायचा आणि मधल्या भागाशी ताडून पाहायचा. टोक पोकळ किंवा मऊ लागलं तर पाइप गेला. आणि तेलकट पॉलिश ईपीडीएम रबराला (हे पाइप त्याचेच असतात) फुगवतं, म्हणजे मला फसवायला जे चोपडलं त्यानेही पाइपाचं आयुष्य कमीच केलं असणार.

मग त्याने हीटशील्ड काढलं. टर्बोचे दोन्ही पाण्याचे पाइप टर्बोपासून काढून पितळी नळीने एकमेकांना जोडले होते. टर्बोच्या तोंडांवर बोल्ट ठोकले होते. गळती बंद करायला टर्बोचं पाणीच तोडलं होतं! कूलंट कमी होत नाही म्हणून मी मधल्या काळात दोन मित्रांना त्या गॅरेजचं नाव सुचवलं. पाण्याविना दर वेळी गाडी बंद केली की बेअरिंगमध्ये उरलेलं ऑइल जळून कोळसा होत होतं. टर्बोचं कार्ट्रिज (बेअरिंगसकट मधला भाग) ३८,६००, खरे ९ पाइप ११,२४०, मजुरी ७,०००. पाइपाच्या एका तुकड्याचा आळस आणि टर्बो गेला.

आता तक्रारीचं. पहिल्या गॅरेजने आधी फोन उचलला नाही, मग "तुम्ही मध्ये दुसरीकडे उघडली असेल" म्हणाला. मी पोलीस चौकीत गेलो. अडीच तास बाकावर बसवलं आणि मग विचारलं, "काम करायला तुम्हीच दिलं ना? पैसे तुम्हीच दिले ना? मग गुन्हा कसला? हा दिवाणी मामला आहे." न केलेल्या कामाचे २२,५०० घेणं हा गुन्हा नाही तर काय आहे? अर्ज तरी घ्या म्हटलं, तर घेतला आणि पोच द्यायला नकार. पोच मिळवायला तिसरी खेप लागली. वाहन नोंदणी कार्यालयात सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. विम्यात यांत्रिक बिघाड बसत नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर चिठ्ठी पाहून म्हणाले, हे पक्कं बिल नाही. पैसे पाठवल्याची नोंद दाखवली तर म्हणाले, यात काम कशाचं ते कुठे लिहिलंय? पहिल्यांदा अर्ज परत आला कारण पानांना नंबर नव्हते. दुसऱ्यांदा प्रती कमी. तिसऱ्यांदा तज्ज्ञाचा अहवाल आणा म्हणाले. तज्ज्ञाने ६,५०० सांगितले आणि गाडी बिघडलेल्या अवस्थेत हवी म्हणाला. ती तोवर दुरुस्त झाली होती! दुरुस्तीआधी त्याच खिडकीवर मी उभा राहून विचारलं होतं, गाडी तशीच ठेवू का? उत्तर मिळालं होतं, "ते तुम्ही बघा." सात खेपा झाल्या, चार रजा गेल्या. फसवणाऱ्याला एकदाही कोणी बोलावलं नाही. प्रत्येक टेबलावर मीच संशयित असल्यासारखा कागद दाखवत फिरतोय. गाडी नीट करून हवी तर पुरावा जातो, पुरावा ठेवायचा तर महिनोन्महिने पायी फिरा. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने काय करायचं, याचं उत्तर एकाही माणसाकडे नव्हतं.

दुसरं गॅरेज गाडी उघडायच्या आधीच तारीख-वेळ दिसेल असा सलग व्हिडिओ काढा, मेकॅनिकला बोलायला लावा, त्याच्या लेटरहेडवर सहीनिशी लिहून घ्या. माझ्याकडे फक्त फोटो आहेत. काम झाल्यावर हातपंपाने सिस्टीममध्ये झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब भरून पंधरा मिनिटं पंपाचा काटा पडत नाही हे समोर बघा. आणि टर्बोचे दोन पाइप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, मग हीटशील्ड परत काढायला लागलं तरी चालेल.

कापलेला पाइप, पितळी नळी आणि टर्बोच्या तोंडातून काढलेले दोन बोल्ट मी एका पिशवीत घालून प्रत्येक खेपेला सोबत नेतो. अजून एकाही साहेबाने ती पिशवी उघडून पाहिलेली नाही. पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे, पिशवी दाराशी ठेवली आहे.