गप्पी, मोली, प्लॅटी की स्वोर्डटेल: आधी नळ बघा, मग मासा

पिल्लं देणाऱ्या या चारही जाती दुकानात शेजारशेजारच्या टाक्यांत असतात आणि दुकानदार सांगतो, "सगळे एकत्र चालतात." भांडणापुरतं ते बरंचसं खरं. पाण्याच्या बाबतीत नाही. म्हणून रंग आवडण्याआधी घरच्या पाण्याचा जडपणा मोजा, तोही थेंबांच्या जीएच (पाण्याचा एकूण जडपणा, अंशांत) किटने. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजणारा) इथे फसवतो: सोसायटीत सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) असेल तर पाण्यातलं कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, पण मीटरचा आकडा जवळपास तोच राहतो.

मुंबईत नळाला तलावांचं मऊ पाणी येतं. मराठवाड्यात, विदर्भात बोअरचं असेल तर बहुधा जड. बोअरवाल्यांनी मोली बिनधास्त घ्यावी. तिला जीएच 15 च्या वर हवा. मऊ पाण्यात ती पंख मिटून घेते आणि एकाच जागी थरथरत राहते. अंग हलतं, पण मासा पुढे सरकत नाही. लोक औषधं ओततात, दुखणं मात्र पाण्यात असतं. खडेमीठ टाकूनही पाणी जड होत नाही, कारण मिठात कॅल्शियम नाही. 50 लिटरला 100 ग्रॅम कोरल चिप्स (कॅल्शियम असलेले प्रवाळाचे तुकडे) जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या प्रवाहात ठेवा, आठवड्याने पुन्हा मोजा. मोली 8-10 सेंमी होते आणि घाणही तितकीच करते, त्यामुळे दोन फुटांपेक्षा लहान टाकीत तिचा विचार नको.

गप्पीला जीएच 8 पुरतो, 30 लिटरची टाकी चालते. एक नर, दोन-तीन माद्या असं प्रमाण ठेवा. नर जास्त झाले की माद्यांना उसंत मिळत नाही. डासांसाठी पालिका विहिरींत सोडते ती गप्पी आणि दुकानातली झालरीच्या शेपटीची फॅन्सी गप्पी जात एकच, पण चिवटपणात फार फरक. फॅन्सीची शेपूट पाणी जरा बिघडलं की कुजायला लागते. रंगाची ओळ (पिढ्यान्‌पिढ्या तोच रंग) टिकवायची असेल तर आणखी एक अडचण: मादी नराचं वीर्य महिनोन्महिने साठवते. दुकानातून आणलेल्या मादीची पुढची चार-पाच वेतं भलत्याच नराची असू शकतात. त्यामुळे घरची पिल्लं चौथ्या आठवड्याच्या आत नर-मादी अशी वेगळी करावी लागतात. पोटामागचा पंख काडीसारखा निमुळता व्हायला लागला की तो नर.

पहिल्यांदाच टाकी लावणाऱ्याने प्लॅटी घ्यावी, असं आमचं मत. 5-6 सेंमी, आखूड पंख, 20 ते 26 अंशांत खूश. नागपूरच्या मे महिन्यात पाणी 30 च्या वर गेलं की प्राणवायू कमी पडतो. तेव्हा एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा.

स्वोर्डटेल देखणी, पण तीन फुटी टाकी आणि घट्ट झाकण हवं, कारण ती उडी मारते. दोन नर ठेवलेत तर दुबळा कोपऱ्यात झुरतो. प्लॅटीबरोबर तिचा सहज संकर होतो, तेव्हा शुद्ध ओळ हवी असेल तर दोघींना एका टाकीत ठेवू नका.

चौघींचीही पिल्लं साधारण चार आठवड्यांनी होतात, मोलीला बरेचदा जास्त लागतात. पोट बाजूने चौकोनी दिसायला लागलं की वेळ जवळ आली. विणीसाठी प्लास्टिकच्या डबीत कोंडलेली मोली घाबरून अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते. त्यापेक्षा 20 लिटरची वेगळी टाकी, दाट जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड) आणि स्पंज फिल्टर ठेवा. पॉवर फिल्टर पिल्लं ओढून घेतो. विणं झालं की आईला लगेच बाहेर काढा, नाहीतर तीच पिल्लं खाते. खायला चुरलेलं फ्लेक दिवसातून तीन-चारदा, आणि आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, यांची सुकी अंडी घरी फोडतात): लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम मीठ, 27-28 अंश, जोराची हवा, 24 तासांत अंडी फुटतात. उकडलेल्या अंड्याचा बलक पाणी लगेच नासवतो.

पिल्लं नकोच असतील तर फक्त गप्पीचे नर घ्या, रंगही त्यांचाच. "नुसत्या माद्या आणतो" हा उपाय कामाचा नाही, दुकानातली मादी बहुतेक वेळा गाभणच येते.