'शामिल मिसल' की 'दाखल दफ्तर'? जुन्या कागदाची नक्कल काढण्याआधी शेरा वाचा

कास्ट व्हॅलिडिटीसाठी नाहीतर वावराच्या वाटणीसाठी आजोबांची पेटी उघडली, सीपी-बेरारच्या (मध्य प्रांत व वऱ्हाड) जमान्यातला आदेश हाती लागला की आधी खालचा शेरा वाचा, कारण नक्कल कुठल्या केसमधून मागायची हे त्यावरूनच कळतं.

'शामिल मिसल' असेल तर तो कागद एकटा राहिलेला नाही. मिसल म्हणजे एका प्रकरणाचे सगळे कागद एकत्र, आणि त्यात हा घातला. म्हणजे नुसत्या ह्या कागदाचा नंबर देऊन नक्कल मागितली तर 'आढळत नाही' असं उत्तर येऊ शकतं, मूळ केसचा नंबर, मौजा, साल द्या.

'दाखल दफ्तर'चं वेगळं. दफ्तर शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आला, त्याच्याही मागे ग्रीक 'डिफ्थेरा', म्हणजे कमावलेलं कातडं ज्यावर लिहायचे, आणि पोराच्या शाळेचं दप्तर तेही हेच. दाखल दफ्तर म्हणजे कारवाई संपली, कागद रेकॉर्डात गेला. बरेच लोक ह्याला मंजुरी समजतात, तसं नाही, मंजूर का नामंजूर हे वरच्या आदेशातच शोधावं लागतं. ह्याची नक्कल त्याच्याच नंबरवर, निकालाची तारीख टाकून रेकॉर्ड रूममधून मागायची.

इंग्रजांचं फाईलही असंच जुनं, लॅटिन 'फिलम' म्हणजे धागा, कागद दोऱ्यात नाहीतर तारेत ओवून ठेवायचे. तिकडे कोर्टात रिट म्हणजे कोर्टाचे लेखी हुकूम ओवून ठेवणारा 'फिलेझर' नावाचा अधिकारी असे, ते पद 1837 मध्ये रद्द झालं, आणि त्याच साली कंपनी सरकारने कायदा करून कोर्टातली फारसी हटवायची वाट मोकळी केली. भाषा गेली पण 'शामिल मिसल'सारखे तिचे शेरे कारकुनांच्या हाताखाली टिकले, मला हे फार मोलाचं वाटतं.

दोन्ही कागद असतील तर मी आधी शामिल मिसलवाल्याच्या मागे लागेन. महसुली रेकॉर्डात 'अ' वर्ग कायम ठेवतात, 'ब' 30 वर्षं, 'क' 10, 'ड' तर एकच वर्ष, त्यामुळे मोठ्या केससोबत गेलेला कागद सापडायची आशा जास्त, सुटा किरकोळ अर्ज केव्हाच नष्ट झालेला असू शकतो. नकलेच्या अर्जात शेरा जसा आहे तसाच उतरवा, त्याचं आजचं मराठी करू नका, आणि मोडीत असेल तर आधी मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.