हायवेवर व्हॅनमधून स्पीकर घेऊ नका, माझे २३,५०० गेले

लिहू का नको करत पंधरा दिवस घालवले. बायको म्हणते कशाला गावभर करायचं, झालं ते झालं. पण परवा कामावर एका पोरानं सांगितलं की त्याच्या मेव्हण्यालाही संकेश्वरजवळ असाच स्पीकरचा बॉक्स दाखवला, तीच पांढरी व्हॅन, तीच गोव्याची कथा. म्हणजे हे लोक अजून याच रस्त्यावर फिरूलालेत. मग राहवलं नाही. लाज वाटते, तरी लिहितो.

यूपीआयनं १५,५०० आणि रोख ८,०००. एकूण २३,५००. रोखीतले ५,००० बाबांच्या पेन्शनचे होते, ते त्यांनी स्वतः बंडीच्या खिशातून काढून दिले. हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

आम्ही बेळगावच्या वडगावचे. बाबांचं वय ७९. अख्खं आयुष्य मागावर गेलं, आधी हातमाग मग पॉवरलूम, त्या खडखडाटानं कान गेले. पूर्ण नाही, कानाच्या डॉक्टरनं सांगितलं की बारीक, उंच आवाज कमी येतात, मधला आवाज बरा येतो. पण गाण्याचं वेड तसंच. कुमार गंधर्व म्हणजे आमच्या घरात देवाच्या खालोखाल, कारण ते १९२४ साली जन्मले ते इथं सुळेभावीला, बाबा अजून “आमच्या सुळेभावीचा शिवपुत्र” असंच म्हणतात, शिवपुत्र हे त्यांचं मूळ नाव. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई, बसवराज राजगुरू, ही धारवाडकडची सगळी गाणारी मंडळी त्यांच्या पाठ. सकाळी धारवाड आकाशवाणी नाहीतर सांगली, दुपारी कॅसेट. १४० च्या आसपास कॅसेट आहेत, प्रत्येकीवर स्वतःच्या अक्षरात रागाचं नाव.

तो जुना टू-इन-वन गणपतीनंतर बिघडला. कॅसेट ओढायला लागला, आवाज रडका यायचा. मी म्हटलं आता चांगला स्टिरिओ घेऊन देतो. मुलगी म्हणाली कारवां घ्या, तो जुनी गाणी आतच भरलेला रेडिओसारखा डबा, पण त्यात कॅसेट चालत नाही आणि बाबांना स्वतःच्या कॅसेटच पाहिजेत. गरज काय होती बघा: आवाजाचं एक मोठं बटण, कॅसेटचा आवाज घेईल असं सॉकेट, दोन बरे स्पीकर. खोली १० बाय १२. एवढंच. मी दोन महिने दुकानं हिंडत होतो, कुठं नुसता ब्लूटूथवाला उभा स्पीकर दाखवायचे, कुठं टीव्हीखालचा साउंडबार, कॅसेटचं नाव काढलं की हसायचे. मला त्यामुळं घाई झाली होती, हे मी मान्य करतो. पण घाई झालेल्या माणसाला लुटायचं का?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी निपाणीहून येत होतो, बहिणीकडं गेलो होतो, बाबा बरोबर. हत्तरगीचा टोल झाल्यावर काकतीच्या अलीकडं चहाला थांबलो. शेजारी पांढरी व्हॅन, मागचं दार उघडं, दोघं जण. एकानं बाबांना हाताला धरून पायरीवरनं खाली घेतलं. “काका सावकाश.” कोल्हापूरकडची भाषा. इथंच आम्ही विरघळतो बघा. आमच्या भागात अर्धा दिवस ऑफिसातनं, बँकेतनं कानडीत धडपडत जातो आणि कुणी गोड मराठी बोलला की आपला माणूस वाटतो. त्याला ते चांगलं ठाऊक होतं. मी जरा बोलल्यावर म्हणतोच कसा, “बेळगावचे काय, मग आपलेच की ओ.”

कथा तुम्हाला माहीतच असेल. गोव्यात एका रिसॉर्टचं काम, १० सेट पाठवायचे होते, गोडाऊनवाल्यानं चुकून १२ भरले, हे बघा चलन, चोर्ला घाटानं जाऊन माल उतरवला, आता दोन परत न्यायचे तर फायदा मालकाचा, आम्हाला काय. खोक्यावर एमआरपी ६४,९९९. मी अडाणी नाही, उद्यमबागेत १९ वर्षं मशीनवर आहे. मी मोबाईलवर नाव टाकून बघितलं, झकास वेबसाईट, तिथंपण ६४,९९९. आता कळतंय की ती साईटपण त्यांनीच टाकलेली. पण त्या वेळी माणसानं आणखी काय तपासायचं, सांगा ना.

आणि आता तो क्षण. रात्री डोळे मिटले की हाच येतो.

त्यानं व्हॅनमधल्या स्पीकरवर पेनड्राइव्हनं कसलंतरी धडधड गाणं लावलं. आवाज जबरदस्त, टपरीतले लोक वळून बघूलालेत. बाबा जवळ गेले, कान लावला, आणि म्हणाले, “जरा बाईमाणसाचा नाहीतर बाप्याचा नुसता गळा ऐकवा की. ठेका नको. गळा.” माझ्या मोबाईलमध्ये कुमारांचं रेकॉर्डिंग होतं. दोन मिनिटांचं काम. तो माणूस म्हणाला ब्लूटूथ फक्त सीलबंद पीसमध्ये आहे, डेमोत नाही. आणि मी, मी बाबांना म्हटलं, “बाबा थांबा हो जरा, मला बोलू दे.” ते गप बसले. साठ वर्षं गाणं ऐकलेला माणूस एकच बरोबर प्रश्न विचारत होता आणि मी त्यालाच गप केलं. डेमोचे स्पीकर वेगळे आणि आपल्याला मिळणार खोक्यातले वेगळे, हे त्या एका प्रश्नावर अडून सीलबंद पीस उघडायला लावला असता तर तिथंच उघडं पडलं असतं. ज्याच्या कानासाठी घेताय त्याला त्याच्या आवडीचं गाणं ऐकू द्या. ते ऐकल्याशिवाय पैसे नाही म्हणजे नाही.

दुसरी खूणपण होती. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते बाईचं, त्यानं सांगितलेल्या कंपनीचं नाही. मी विचारलं, तो म्हणाला, “वहिनीचं अकाउंट आहे साहेब, कंपनीत टाकलं तर मालकाला कळतंय.” मला ते पटलं. चोरीचाच माल आहे असं तो जवळजवळ तोंडानं सांगत होता आणि मला स्वस्तात मिळतंय म्हणून पटलं. ३५,००० पासून सुरू करून २३,५०० वर आणलं तेव्हा मला वाटलं मीच जिंकलो.

घरी आणून जोडलं. बाबांनी भीमपलास लावला. आवाज म्हणजे डबड्यात कोंबडी कोंडल्यासारखा, वर हमिंग, तबल्याचा डग्गा फुटल्यासारखा बुम बुम, गाणाऱ्याचा गळा त्याच्याखाली गाडलेला. बाबा म्हणाले, “माझ्या कानाचंच असेल रे.” दोन दिवस मीपण वायरिंगला दोष देत बसलो, पिना बदलल्या, अर्थिंग बघितलं. ते दोन दिवस फार महागात गेले. असं काही झालं तर पहिल्या तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पुढं सरकायच्या आत.

तिसऱ्या दिवशी स्क्रू काढले. सेटमधला ॲम्प्लिफायर एवढा जड का होता? आत तळाला बोल्टनं आवळलेला कास्टिंगचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा. भंगारातला, त्याला अजून फाउंड्रीची वाळू चिकटलेली. कामावर नेऊन वजन केलं, २ किलो ३०० ग्रॅम. जड ॲम्प्लिफायर म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर म्हणजे चांगला, असं लोकांना वाटतं, म्हणून लोखंड भरलं. खरा ट्रान्सफॉर्मर माझ्या मुठीत बसेल एवढा. मागं बाहेरचा आवाज जोडायची सहा आरसीए सॉकेट, त्यातल्या दोनलाच वायर. टॉवर स्पीकरला पुढून तीन गोल दिसतात, जाळी काढली तर एकच चार इंची स्पीकर, बाकी दोन प्लास्टिकच्या वाट्या चिकटवलेल्या. जाड-बारीक आवाज वेगळे करणारा क्रॉसओव्हर नाही, काही नाही. मी रोज कास्टिंग हाताळतो हो. मला ओळखू येऊ नये?

आणि खोक्यावर काय, १२००० वॅट पीएमपीओ. हा आकडा दिसला की तिथनं निघा, पीएमपीओला काही मापच नाही, काय वाट्टेल ते छापतात. आरएमएस विचारा, म्हणजे सेट सतत देऊ शकतो ती खरी ताकद. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात होतं २३० व्होल्ट, ३५ वॅट. मीटरमधून ३५ वॅट घेणारी वस्तू १२००० कुठनं देणार? हे मी चहाच्या टपरीवर वाचलं असतं तर. बाबांच्या खोलीला दर स्पीकरला १५-२० वॅट आरएमएस खूप झालं.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या ठाण्यात दीड तास बसवलं, मग म्हणाले तो हायवेचा भाग आमच्या हद्दीत नाही, पलीकडच्या ठाण्यात जा. पलीकडं गेलो तर म्हणे ते शहर आयुक्तालयात येतं, आमच्याकडं जिल्हा. टपरी दोघांच्याही हद्दीत नाही, मग काय ती आभाळात आहे? मी सांगितलं, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ प्रमाणं कुठल्याही ठाण्यात एफआयआर घ्यावी लागते, हद्द नंतर बघा. तर हवालदार माझ्याकडं असं बघूलालाय की मीच गुन्हा केलाय. अर्ज मराठीत लिहून नेला होता, म्हणाले कन्नडात आणा. मला बोलता येतं, लिहायला जमत नाही. शेजारच्या गल्लीतल्या कानडी मास्तरांनी बिचाऱ्यांनी एक पैसा न घेता लिहून दिला. तो नेला तर पहिला प्रश्न, “बिल एल्लैत्री?”, बिल कुठाय? बिल असतं तर तो फसवणारा कसला? मग साहेब नाहीत, नाळे बर्री, म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला, परत नाळे बर्री. चार खेपा, चार अर्ध्या रजा. शेवटी एक पोच दिली नुसती, एफआयआर नाही.

१९३० वर सांगितलं, तुम्ही समोरासमोर वस्तू घेतलीय, हा सायबर गुन्ह्यात बसत नाही. का बसत नाही? खोटी वेबसाईट, यूपीआयनं पैसे, दुसऱ्याच्या नावाचं खातं, हे सायबर नाही तर काय? खातं कोल्हापूरच्या शाखेतलं आहे एवढं कळलं, पुढची माहिती पोलिसांनी मागितली तरच देणार, आणि इथले पोलीस म्हणतात खातं महाराष्ट्रात आहे तिकडं जा. माझ्या बँकेत गेलो तर मॅनेजरनं आरबीआयचं २०१७ चं परिपत्रक समोर ठेवलं, कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर भरपाई आहे पण ती आपल्या नकळत पैसे गेले तर, तुम्ही स्वतः पिन टाकलात. हे खरं आहे, म्हणून पिन टाकायच्या आधी ते नाव वाचा. वेगळं आलं की फोन खिशात घाला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पण समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो, तो कुठनं आणू? जो उठतो तो दुसऱ्या दाराकडं बोट दाखवतो, आणि ते दोघं तिकडं दुसऱ्या कुणाला काका म्हणून हाताला धरूलाले असतील.

खोकं बघायची अक्कलपण आता आली. एमआरपीबरोबर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर छापायला लागतो, पॅकबंद मालाचा २०११ चा नियम आहे. माझ्या खोक्यावर नुसता वेबसाईटचा पत्ता. आर- नंबर, म्हणजे बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा नोंदणी नंबर, दिसला तर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, कुणाच्या नावावर आहे ते येतं.

बाबांचं काम शेवटी कसं झालं तेही सांगतो, कारण ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे ते विचारतील. गल्लीतल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकनं टू-इन-वनचा पट्टा बदलला आणि हेड साफ केलं, ३५० रुपये. खराब काहीच झालं नव्हतं, नुसता रबरी पट्टा सैल झालेला. त्यालाच मागं वायर काढून दिली. दुकानातनं बिलासकट छोटा स्टिरिओ ॲम्प्लिफायर ४,३००, आणि दोन सेकंडहँड लाकडी स्पीकर ६,०००, तेही बाबांनी तिथं स्टुलावर बसून स्वतःची कॅसेट ऐकल्यावर. बास कमी केला, मधला आवाज जरा वाढवला. स्पीकर कानाच्या उंचीला ठेवले, भिंतीपासून हातभर पुढं, त्यानं ती बुम बुम गेली. आवाजाच्या बटणावर मुलीनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, तिथवरच फिरवायचं. एकूण १०,६५०. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, “तंबोरा वेगळा ऐकू येतोय रे.” मला बोलवेना.

त्या २३,५०० बद्दल ते एकदाही बोलले नाहीत.

आता मी कलम १७३(४) खाली एसपींना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवलाय, सोबत यूपीआयची पावती, उघडलेल्या ॲम्प्लिफायरचे फोटो, आणि खाली भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) लिहिलंय, आधीचं ४२०. एकट्याच्या अर्जाला कुणी विचारत नाही हे दिसलंच. निपाणी ते बेळगाव किंवा चोर्ल्याच्या रस्त्यावर ज्यांनी असा सेट घेतलाय त्यांनी लाजू नका, तो फेकूही नका, बँकेचं स्टेटमेंट काढून पैसे कुणाच्या नावावर गेले ते बघा आणि तसाच अर्ज पाठवा. नाव त्याच बाईचं निघालं तर हद्दीचं कारण सांगायला त्यांना तोंड राहणार नाही. कास्टिंगचा तुकडा मी जपून ठेवलाय, वाळूसकट, एफआयआर झाली की तोच पहिला टेबलावर ठेवणार आहे.