अंटार्क्टिका क्रूझ: नागपूरहून बाबांना घेऊन जाऊन आलो, खरा अनुभव

मागच्या डिसेंबरमधे मी, नवरा आणि माझे ६८ वर्षांचे बाबा अंटार्क्टिकाला जाऊन आलो. १० रात्रींची एक्स्पिडिशन क्रूझ, अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघणारी. पैसे भरपूर लागतात, पण माझं स्पष्ट मत आहे की जायचं असेल तर जहाज लहान घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

कारण असं की तिकडे एका जागी एका वेळी १०० च प्रवासी किनाऱ्यावर उतरू शकतात आणि ५०० च्या वर प्रवासी असलेल्या जहाजातून तर कोणालाच उतरवत नाहीत, नुसतं डेकवरून बघायचं. आमच्या जहाजावर १८० जण होते म्हणून दोन गट, एक गट खाली उतरला की दुसरा झोडियाक म्हणजे रबरी बोटीतून हिमनगांमधे फिरणार, मग अदलाबदल. दीडेक तास मिळायचा आणि तो मला कमीच वाटला.

आधी ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला खवळलेला समुद्र, जाताना दोन दिवस आणि येताना दोन दिवस. बाबा पहिला दिवसभर पलंगावरून उठले नाहीत, जहाजावरच्या डॉक्टरने गोळी दिली, दुसऱ्या दिवशी वरणभात मागितला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. केबिन खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मधोमध घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं.

उतरायच्या आधी कपडे, बॅगा, बूट सगळं तपासतात, बाहेरचं बी तिकडे जाऊ नये म्हणून. बाबांच्या बॅगेच्या वेल्क्रोमधे पेंचच्या जंगलातली कुसळं अडकलेली निघाली, तिथल्या पोरीने चिमट्याने एकेक काढली, अर्धा तास लागला, पण तोंड वाकडं केलं नाही. खूप आवडलं मला ते. बर्ड फ्लूमुळे जमिनीवर बसायचं नाही, बॅग टेकवायची नाही, पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं आणि तो चालत आला तर आपण थांबून त्याला रस्ता द्यायचा.

नेको हार्बरला जेंटू पेंग्विनची वसाहत आहे. वास खूप उग्र येतो हे आधीच सांगते, क्रिल म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव खाऊन विष्ठा गुलाबी आणि बर्फ पण गुलाबी. तिथे एक पेंग्विन चोचीत गोटा धरून चढ चढत होता, दोनदा पडला गोटा, दोन्हीदा परत उचलला आणि शेवटी अंड्यावर बसलेल्या जोडीदारासमोर घरट्यासाठी नेऊन ठेवला. बाबा एका जागी उभे राहून तेच बघत होते, फोटो काढायचं पण विसरले.

आणि झोडियाकचं इंजिन बंद केलं ना, की पाण्यातल्या बर्फाच्या तुकड्यांचा आवाज येतो, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. बर्फात दबलेली जुनी हवा बाहेर पडते त्याचा. त्यातच मागे हंपबॅक देवमाशाने श्वास सोडला आणि बोटीतले दहाही जण एकदम गप्प. बाबांना मैत्री आणि भारती ही भारताची अंटार्क्टिकातली संशोधन केंद्रं बघायची होती, पण ती या भागापासून हजारो किलोमीटर लांब, तेवढं मनात ठेवून जा.

थंडीला फार घाबरू नका, तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, तापमान शून्याच्या आसपासच असतं, वारा मात्र बोचतो.

तक्रार एकच आणि ती मोठी आहे. आमच्या बुकिंगवाल्याने इथे नागपुरात बसून सगळं इन्क्लुडेड आहे म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात जॅकेट मिळालं, बूट वापरायला मिळाले, पण वॉटरप्रूफ पॅन्ट आपलीच लागते आणि त्याशिवाय बोटीत बसूच देत नाहीत. ऐनवेळी उशुआयाच्या दुकानातून तीन पॅन्ट घ्याव्या लागल्या, भाव ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. म्हणून काय मिळणार आणि काय नाही हे लेखी घ्याच. जहाजावरच्या टीमबद्दल मात्र एक शब्द वाईट बोलणार नाही.

त्या पॅन्ट आता कपाटातच आहेत, एक मीडियम आणि दोन लार्ज. नागपुरातलं कोणी या सीझनला जाणार असेल तर सांगा, धरमपेठेत येऊन घेऊन जा.