स्क्वेअर फुटावर नाही, सर्किट मोजून कोटेशन दिलं : इलेक्ट्रिकल इन्स्पेक्शनचा आमचा अनुभव

कारखान्यात मेंटेनन्स बघतो मी. इन्स्पेक्शनसाठी कोणालाही फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, शेड किती स्क्वेअर फूट? अहो पण मोकळ्या गोडाऊनला दहा-बारा सर्किट असतात आणि तेवढ्याच जागेत मशीन शॉप असेल तर दोनशे, मग फुटावरून काय कळणार? मागच्या वेळी सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्यांना काम दिलं आणि रिपोर्ट हातात आल्यावर कळलं की दहा सर्किटमागे एकच तपासलंय, कोटेशनमध्ये सॅम्पलिंगचा उल्लेखच नव्हता. जिवाचा प्रश्न आहे हो, राग आला खूप.

यावेळच्या एजन्सीचा माणूस दर सांगण्याआधी अर्धा दिवस सगळीकडे फिरला, एकेक डीबी (वीज वाटपाचा बोर्ड) मोजला, सिंगल लाइन डायग्राम म्हणजे सप्लाय कुठून कुठे जातो त्याचा नकाशा मागितला, त्यात आम्ही नंतर बसवलेले दोन पॅनल नव्हतेच तेही त्याने पकडलं. मग कोटेशन आलं ते सर्किटवर, कुठे १०० टक्के टेस्ट, कुठे सॅम्पल, सॅम्पलमध्ये दोष निघाला तर पुढच्या सर्किटचा दर काय, दुरुस्तीनंतर रिटेस्टचे किती, सगळं लेखी. आकडा मोठा होता पण कशाचे पैसे देतोय ते दिसत होतं.

प्लॅनिंग तर मला फारच आवडलं. थर्मोग्राफी, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी, आधी, चालू प्रॉडक्शनमध्ये, कारण निदान ४० टक्के लोड नसेल तर ढिला लग (वायरच्या टोकाचा जोड) गरमच होत नाही आणि कॅमेऱ्यात सगळं छान दिसतं. मेगर (वायरच्या इन्सुलेशनची टेस्ट) आणि अर्थ कंटिन्युइटी (अर्थ वायर खरंच सलग जोडलेली आहे का ते बघणं) यांना सप्लाय बंद लागतो म्हणून ते दोन साप्ताहिक सुट्ट्यांमध्ये विभागून, प्रत्येक फीडरला (सप्लायच्या मुख्य लाइनला) कोणी चुकून चालू करू नये म्हणून लॉकआउटचं कुलूप आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. ५०० व्होल्टचा मेगर लावण्याआधी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं युनिट) आणि पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) ही नाजूक इलेक्ट्रॉनिक्स सोडवून ठेवायची, त्याला लागणारा वेळही वेळापत्रकात धरलेला, हे आधी कोणीच धरलं नव्हतं.

सापडलं काय, तर एका मशीनची अर्थ वायर नुसती दिसायला जोडलेली. आणि एक ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच), टेस्ट बटण दाबलं की पडायची म्हणून आम्ही निर्धास्त होतो, मीटर लावल्यावर ३०० मिलिसेकंदांच्या मर्यादेत पडलीच नाही. ती त्याच दिवशी बदलली, रिपोर्टमधलं ते वाक्य वाचून अजून पोटात गोळा येतो.

तक्रार एकच, रिपोर्टमध्ये सर्किटला त्यांनी स्वतःचेच नंबर दिलेत, आमच्या पॅनलवरच्या लेबलशी जुळेनात, जुळवायला आमच्या इलेक्ट्रिशियनचे दोन दिवस गेले. पुढच्या वेळी लेबलची यादी आधीच देऊन ठेवणार आहे, आणि काम यांनाच देणार.