कॅम्पर व्हॅनच्या छताचं कापड: सुती कॅनव्हास की पीव्हीसी?

आत झोपायची सोय असलेल्या आमच्या व्हॅनचं छत वर उचललं की भोवती जे कापड ताणलं जातं, ते यंदा घडीवरच विरलं. मागच्या कोपऱ्यात बोट लावलं तर आरपार गेलं. नवं शिवायचं तर दोन पर्याय होते.

पीव्हीसीचा थर दिलेलं कापड म्हणजे ताडपत्रीची सख्खी बहीण. पाणी आत येत नाही, ओल्या फडक्याने पुसलं की स्वच्छ. पण हवाही अडते. थंडीत झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ आतून थेंब होऊन पहाटे पांघरुणावर टपकते, आणि सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आत बसवत नाही.

सुती कॅनव्हासमधून हवा खेळते. पावसात सूत फुगतं आणि विणीतली छिद्रं बुजतात. म्हणूनच नवं कापड बसवल्यावर एकदा चिंब भिजवून, ताणलेलंच पूर्ण वाळवायचं. सुईची भोकंही आवळतात. दोष मोठा आहे: ओलं असताना छत मिटलं की बुरशी धरते. आपल्या कोरड्या हवेत वाळवणं सहज जमतं, म्हणून मी कॅनव्हासच घेतला. पावसाळाभर कोकणात फिरणाऱ्याने मात्र पीव्हीसी घ्यावं.

कोणतंही घ्या, जुनं कापड टाकू नका. टाके उसवून ते सपाट पसरा, तोच बेतायचा नमुना. चादरींच्या या गावात शिवणारे हात मिळतात, पण कॅनव्हाससाठी दोरा आत पॉलिएस्टर आणि वरून सूत असलेलाच मागा. नुसता सुती दोरा उन्हापावसात कापडाआधी कुजतो.