कोल्हापूरहून विमानाने किती वेळ? अंतर-वेळ सांगणाऱ्या साइट्सचा हिशेब

दोन गावांची नावं टाका, अंतर आणि विमानाचा वेळ मिळवा, अशा फुकट साइट्स ढीगभर आहेत. अंतरासाठी त्या चांगल्या. वेळेसाठी बेभरवशाच्या.

आधी नावाची गंमत. यादीत कोल्हापूरऐवजी तेलंगणातलं कोल्लापूर निवडलं जातं. हैदराबादचं अंतर १४०-१४५ किलोमीटर दिसलं तर चूक झाली समजा. आपल्या उजळाईवाडी विमानतळापासून ते सुमारे ४४५ आहे. गावाच्या नावापेक्षा विमानतळाचा कोड, केएलएच, टाकणं उत्तम. एककही बघा. मुंबईचं हवाई अंतर साधारण ३१० किलोमीटर. १६७ आलं तर ते सागरी मैल आहेत.

वेळ का चुकते? बहुतेक साइट्स अंतराला ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास जोडतात. हा वेग जेटचा. छोट्या मार्गांवर एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर ते ताशी ५०० च्या आसपासच जातं. म्हणजे हैदराबादला साइट सांगते तासभर, तो एटीआरला सव्वा ते दीड तास धरावा. मुंबईला तर हवेतला वेळ पाऊण तासाचा, पण तिथे उतरायला रांग लागली की घिरट्या सुरू. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत धरलेली असते, म्हणून ती साइटपेक्षा जास्त दिसते आणि तीच खरी मानायची.

सर्वात मोठा घोळ: विमान आहे की नाही हे साइट बघतच नाही. कोल्हापूर-बेळगाव टाका, ९६ किलोमीटर आणि ३७ मिनिटं असं ठणकावून सांगेल. एसटीने जा, बाबांनो! दिल्लीचंही तसंच. सरळ रेषेत १,३५० किलोमीटर, सव्वादोन तास. हैदराबादमार्गे गेलात तर उड्डाणाचंच अंतर १,७०० च्या वर जातं आणि मधलं थांबणं वेगळं.

मुंबईचा घरापासूनचा हिशेब असा: शहरातून विमानतळ अर्धा तास, सुटण्याआधी दीड तास (काउंटर सहसा एक तास आधी बंद होतो), विमान एक तास, मुंबईत सामान आणि टॅक्सी मिळून तास-दीड तास. एकूण चार ते साडेचार. हमरस्त्याने ३८० किलोमीटरला आठ तास सहज जातात, रस्त्याचं काम किंवा खंबाटकी घाटात अडकलं तर जास्त. महालक्ष्मी एक्सप्रेस पुण्यावरून फिरून जाते, रात्रभर लागते, पण झोप होते आणि सकाळी थेट सीएसएमटीला उतरता.

अंतराला पाचपैकी चार गुण. वेळेला दोन, तेही जेटच्या मार्गांपुरते.